वीरगळ, गधेगळ आणि जुनी पांढरी : गावाचा इतिहास शोधायला पहिल्यांदाच निघालात तर

गावाचा इतिहास लिहायचा असे मनात आले की बरेच जण थेट पुण्याच्या पेशवे दफ्तराची वाट धरतात. मोडी येत नसते, कोणता रुमाल (कागदांचे कापडी गाठोडे) मागायचा ते माहीत नसते. दोन हेलपाट्यांत उत्साह मावळतो आणि जत्रेच्या स्मरणिकेत ‘आमचे गाव पांडवकालीन आहे’ एवढे एक वाक्य छापून विषय मिटतो. माझे सांगणे उलट आहे. आधी दगड बघा, मग जमीन, मग माणसे, आणि कागद सगळ्यात शेवटी. दगड मूळ जागी असेल तर तो खूप काही सांगतो. तोच उचलून देवळापुढच्या बागेत आणला आणि ऑइलपेंटने रंगवला की निम्मी माहिती गेली म्हणून समजा.

खालचा मजकूर मुख्यतः देशावरच्या, त्यातही घोड, भीमा आणि नीरेच्या खोऱ्यातल्या तालुक्यांना धरून लिहिला आहे. कोकणात गधेगळ (दान मोडणाऱ्याला शिवी कोरलेले दगड) जास्त भेटतील, विदर्भात महसुली कागदांची नावे वेगळी असतील. कामाचा क्रम मात्र सगळीकडे हाच ठेवा.

१. निघण्याआधी घरबसल्या

पहिल्यांदा जिल्ह्याचे जुने गॅझेटिअर काढा. मुंबई इलाख्याचे खंड जेम्स कॅम्बेलच्या देखरेखीखाली निघाले. पुणे जिल्ह्याचा अठरावा खंड तीन भागांत आहे आणि १८८५ च्या सुमाराचा आहे. शेवटच्या भागात गावागावांची माहिती येते : देऊळ, बाजार, बारव, कुठे लेख असेल तर त्याचा उल्लेख. हे खंड स्कॅन करून मोफत ठेवलेले आहेत. गावाचे नाव इंग्रजीत कसेही लिहिलेले सापडेल, म्हणून चार-पाच स्पेलिंगे लावून बघा. आणि गॅझेटिअरात आले म्हणजे ब्रह्मवाक्य असे मानू नका. त्यातल्या कितीतरी दंतकथा मामलेदाराने कुणाला तरी विचारून कळवलेल्या असत.

दुसरे, सातबारा. त्यावर ‘शेताचे स्थानिक नाव’ असा एक रकाना असतो, त्याकडे सहसा कुणी बघत नाही. तिथे कधीकधी ‘पांढरीचा माळ’ (पांढरी म्हणजे वस्तीची जागा), ‘सतीची पट्टी’, ‘गढीखालचे’ अशी नावे मिळतात. संगणकीकृत उताऱ्यावर रकाना रिकामा दिसला तर ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर जुन्या हस्तलिखित उताऱ्यांची स्कॅन पाने शोधा. सगळ्या तालुक्यांची असतीलच असे नाही.

तिसरे, गाव नकाशा. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात उपअधीक्षकांच्या नावे अर्ज करून नक्कल मिळते. या नकाशांचे मूळ ब्रिटिशांच्या मोजणीत आहे. ही मोजणी १८३६ मध्ये इंदापूर तालुक्यापासून सुरू झाली. जुने गावठाण, ओढे, गाडीवाटा, देवस्थानच्या जमिनी यावर दिसतात. नकाशाची झेरॉक्स करून घ्या आणि मूळ नक्कल घरी ठेवा.

बरोबर न्यायचे सामान साधे आहे :

– मोजपट्टी, आणि फोटोत ठेवायला शाळेतली पट्टी
– मऊ ब्रश (रंगकामाचा, न वापरलेला) आणि पाण्याची बाटली
– चांगला टॉर्च
– वही आणि पेन्सिल. पेनची शाई पाण्याने पसरते
– मोबाइल, त्यात जीपीएस सुरू
– ओळखपत्र, आणि सरपंचांना किंवा देवस्थानच्या ट्रस्टला दाखवायला दोन ओळींचे पत्र

शेवटची गोष्ट फालतू वाटेल. पण देवळामागे टॉर्च घेऊन दगड न्याहाळणारा परका माणूस दिसला की गावात पहिली शंका गुप्तधनाची येते. आधी पोलीस पाटील आणि सरपंच यांना भेटा, मग दगडाकडे वळा.

२. कुठे बघायचे

देवळाच्या पुढे नको, मागे बघा. गेल्या तीस-चाळीस वर्षांत जीर्णोद्धाराच्या लाटेत जुनी देवळे पाडून आर.सी.सी.ची झाली आणि जुने दगड मागच्या भिंतीला टेकवून ठेवले गेले. काही पिंपळाच्या पारात बसवले, काही नदीच्या घाटावर धुण्याचा दगड म्हणून गेले. उलटा घातलेला दगड असेल तर वरची बाजू गुळगुळीत आणि कोरीव काम खाली, चिखलात. ओढ्यावरच्या मोरीचे दगडही बघून घ्या.

वेशीजवळचा मारुती, शिवेवरचा म्हसोबा, बिरोबाचे ठाणे, वेताळ, मरीआई ही सगळी ठिकाणे यादीत हवीत. यातले कितीतरी ‘देव’ मुळात वीरगळ, म्हणजे लढाईत मेलेल्यांच्या शिळा, असतात. शेंदराचे थर इतके चढलेले असतात की आत काय आहे ते दिसतच नाही. तो शेंदूर तुम्ही खरवडायचा नाही. गावाचा देव आहे तो. पुजाऱ्याशी बोला, काही ठिकाणी खोळ आपोआप निखळते, तेव्हा फोटो काढू देतात.

एकदम पुष्कळ वीरगळ एका जागी बघून डोळा तयार करायचा असेल तर वाई तालुक्यातल्या किकलीला भैरवनाथाच्या देवळात जा. तिथे दोन तास फिरलात की आपल्या गावातला झिजलेला दगडही ओळखू येऊ लागतो.

३. समोरचा दगड कोणता?

वीरगळ म्हणजे लढाईत मेलेल्या माणसाची शिळा. ती खालून वर वाचायची. सगळ्यात खालच्या चौकटीत वीर पडलेला दाखवतात, त्याच्यावर लढाई, त्याच्यावर अप्सरा त्याला उचलून नेताहेत, आणि सगळ्यात वर तो शिवलिंगाची पूजा करतो आहे. माथ्यावर कलश, बाजूला चंद्र-सूर्य. चौकटी कधी तीन, कधी चार, कधी जास्त. खालच्या चौकटीत गाई दिसल्या तर नीट बघा : गावची गुरे पळवणाऱ्यांशी झुंजताना तो मेला असे ती शिळा सांगते. शिंगे झिजून गेली तरी रांगेने उभ्या जनावरांच्या पाठी दिसतात. घोडा, ढाल, धनुष्य यांची नोंद वेगळी करा. बोरिवलीजवळ एक्सरला तर वीरगळांवर चक्क जहाजांची लढाई कोरलेली आहे. शिलाहार आणि यादव यांच्यातल्या तेराव्या शतकातल्या संघर्षाशी अभ्यासक तिचा संबंध लावतात.

आपल्याकडच्या बहुतेक वीरगळांवर अक्षर नसते. त्यामुळे ‘हा अमुक सरदाराचा वीरगळ’ असे कुणी छातीठोक सांगितले तर ते ऐकीव म्हणून लिहून घ्या, खरे म्हणून नको. मराठेशाहीतल्या सरदारांच्या समाध्या वेगळ्या असतात : चौथरा, त्यावर शिवलिंग किंवा पादुका, कधी छत्री. वीरगळांतले बरेचसे त्याच्या कितीतरी आधीचे आहेत.

सतीशिळा ओळखायला सोपी. कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात, पंजा उघडा. काही शिळांवर वीर आणि सतीचा हात दोन्ही एकत्र असतात.

गधेगळ बघून लोक चमकतात, आणि बायामाणसांसमोर त्याबद्दल बोलायला लाजतात. वर चंद्र-सूर्य, मध्ये लेख (असलाच तर), खाली गाढव आणि स्त्री. हा दानाचा दगड आहे. राजाने किंवा अधिकाऱ्याने जमीन, उत्पन्न किंवा सूट दान दिली; ते दान जो मोडील त्याच्या आईला दिलेली ही शिवी आहे आणि लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही ती कळावी म्हणून चित्रात कोरलेली आहे. चंद्र-सूर्य असेपर्यंत दान चालावे, असा वरच्या खुणांचा अर्थ. शिलाहारांच्या काळात उत्तर कोकणात हे भरपूर उभे राहिले. लोक याला अपशकुनी समजतात, गुप्तधनवाले याच्याखाली खणतात, आणि दोन्हीमुळे दगडाचे वाटोळे होते. तुमच्या दृष्टीने मात्र हा सोन्याहून मोलाचा, कारण हा दगड ज्या जमिनीचे दान त्या जमिनीच्या आसपास उभा केलेला असतो. मूळ जागा कळली तर दान दिले त्या काळी तिथे कसणारे आणि कर भरणारे गाव होते हे सिद्ध होते.

गाय-वासरू कोरलेली शिळाही दानाशी जोडतात. आणि बाणाची खूण असलेला छोटा दगड दिसला तर हुरळून जाऊ नका, तो सर्व्हे खात्याचा आहे. खजिन्याची खूण म्हणून असे दगड उखडलेले मी पाहिले आहेत.

४. नोंद कशी करायची

दगडाला हात लावण्याआधी दुरून फोटो काढा, आजूबाजूचे झाड, देऊळ, रस्ता दिसेल असा. मग जवळून, समोर उभे राहून, पट्टी शेजारी ठेवून. मग चारही बाजू. कडेला आणि मागे लेख असू शकतो. उंची, रुंदी, जाडी मोजा. जमिनीत किती गाडला आहे त्याचा अंदाज लिहा. तोंड कोणत्या दिशेला आहे ते लिहा. जीपीएसचे आकडे वहीत उतरवा, मोबाइल हरवतो. आणि विचारा : हा दगड पहिल्यापासून इथेच आहे का? ‘नाही, वरच्या मळ्यातनं बैलगाडीत घालून आणला’ असे कुणी म्हाताऱ्याने सांगितले तर आजचे काम सफळ झाले. त्या मळ्यात जा.

झिजलेली अक्षरे दिसायला प्रकाश तिरका हवा. भर दुपारी काही दिसत नाही. सकाळी लवकर किंवा उतरत्या उन्हात जा. त्याहून चांगले म्हणजे अंधार पडल्यावर टॉर्च दगडाला जवळजवळ टेकवून एका कडेने धरा : सपाट वाटणाऱ्या दगडावर ओळीच्या ओळी उठून येतात. एकाने टॉर्च फिरवायचा, दुसऱ्याने फोटो काढायचे. डावीकडून, उजवीकडून, वरून, खालून. प्रत्येक दिशेने वेगळे अक्षर उघडते.

या गोष्टी करायच्या नाहीत, कितीही मोह झाला तरी :

– खडू, रांगोळी, हळद, चुना किंवा पीठ अक्षरांत भरणे. तुम्ही जे अक्षर समजता तेच भरता आणि पुढच्या प्रत्येक फोटोत तुमची चूक कायम होते.
– तारेचा ब्रश, ॲसिड, पॉलिश पेपर.
– तेल चोळणे. दगड काळा होतो आणि धूळ धरतो.
– ठसा घेणे. ओला कागद ब्रशने ठोकून त्यावर शाई फिरवण्याचे हे काम जाणकाराकडे शिकल्याशिवाय केले तर दगडाला शाई लागते.

माती असेल तर पाणी आणि मऊ ब्रश, बस.

५. लेख सापडला तर

आधी साल शोधा. बाकी वाचन जाणकारांवर सोपवा, पण साल तुम्हालाही काढता येते.

लेखात शक आणि संवत्सराचे (साठ वर्षांच्या चक्रातल्या वर्षाचे) नाव असे दोन्ही असेल तर पडताळा घेता येतो. शकात १२ मिळवा, ६० ने भागा, जी बाकी उरेल तो संवत्सराचा क्रमांक. प्रभव पहिला, बाकी शून्य आली तर साठावा क्षय. शिवराज्याभिषेक शक १५९६ चा. १५९६ अधिक १२ म्हणजे १६०८, ६० ने भागून बाकी ४८, आणि अठ्ठेचाळिसावा संवत्सर आनंद. कागदपत्रांत ‘आनंदनाम संवत्सर’च आहे. अलिबागजवळच्या आक्षीच्या गधेगळावर शं. गो. तुळपुळे यांनी शक ९३४ वाचले. हिशोबाने बाकी येते ४६, म्हणजे परिधावी, आणि लेखात ‘प्रधावी’ असा शब्द आहे. असे जुळले की वाचनाला बळकटी येते. कधीकधी एका वर्षाचा फरक पडतो. चाळीसगावजवळ पाटणला भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठाला दान दिल्याचा लेख आहे. त्यात शक ११२८ आणि प्रभव संवत्सर आहे, तर हिशोबाने प्रभव ११२९ ला येतो. एकाचा फरक असेल तर घाबरू नका. पाच-दहाचा असेल तर आकडा चुकीचा वाचलाय.

शकाचे इसवी सन करताना ७८ मिळवा. पौष ते फाल्गुन यांतला महिना असेल तर बहुधा ७९. विक्रम संवत असेल तर ५७ वजा. राज्याभिषेक शक असेल तर १६७३ मिळवा.

मराठेशाहीतल्या बारवा, घाट, वेशी यांवर आणि मोडी कागदांत सुहूर सन भेटतो, आणि नवख्याची गाडी इथे हमखास अडते, कारण आकडा नसतो, अरबी शब्द असतात. ते पाठ करून टाका : इहिदे १, इसन्ने २, सलास ३, अर्बा ४, खमस ५, सीत ६, सबा ७, समान ८, तिसा ९, अशर १०; मग अशरीन २०, सलासीन ३०, अर्बैन ४०, खमसैन ५०, सितैन ६०, सबैन ७०, समानीन ८०, तिसैन ९०; मया १००, मयातैन २००, अलफ १०००. एकक आधी येतो. ‘इसन्ने सबैन मया व अलफ’ म्हणजे २ अधिक ७० अधिक १०० अधिक १०००, ११७२. त्यात ५९९ मिळवले की १७७१. हे वर्ष मृगाला सुरू होते, त्यामुळे जानेवारी ते मे यांतली तारीख असेल तर ६०० मिळवायचे. दर्ग्यावर किंवा किल्ल्याच्या दरवाजावर फारसी लेख असेल तर हिजरी सन. तिथे साधी बेरीज चालत नाही, चंद्राचे वर्ष लहान असते. तक्ता बघा.

सालाबाबत एक सापळा घंटेचा. वसईच्या मोहिमेनंतर, म्हणजे १७३९ नंतर, पोर्तुगीज चर्चच्या घंटा मराठी सरदारांनी आणून देवळांत बांधल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातल्या घंटेवर १७२१ आहे. ते घंटा ओतल्याचे साल आहे. देऊळ १७४७ चे. गावच्या देवळात क्रूस असलेली घंटा आणि त्यावर इंग्रजी आकडे दिसले की ‘देऊळ इतके जुने’ असे लिहू नका.

‘पांडवकालीन’ हा शब्द तर वहीत येऊच देऊ नका. ‘हेमाडपंती’ जरा जपून. हेमाद्री हा महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा मंत्री, तेराव्या शतकातला. अंबरनाथच्या देवळातला लेख शक ९८२ चा, म्हणजे हेमाद्रीच्या दोनशे वर्षे आधीचा, आणि तरी त्या देवळाला बोलीत हेमाडपंतीच म्हणतात. चुन्याविना दगडांवर दगड बसवलेले एवढाच अर्थ त्यातून घ्या. वय काढायचे तर खांब, शिखर, द्वारपट्टी यांचे फोटो मंदिरस्थापत्याच्या अभ्यासकाला पाठवा.

६. पांढरी शोधणे

आपल्या जुन्या कागदांत गावाचे दोन भाग : काळी आणि पांढरी. काळी कसायची, पांढरी राहायची. पिढ्यान्पिढ्या चुलीची राख, शेण, पडलेल्या मातीच्या भिंती साचून वस्तीची जागा उंच होते आणि माती राखाडी-पांढरट पडते. अशी ओसाड पांढरी बहुधा नदीच्या काठावर, पुराच्या रेषेच्या वर, जिथे उन्हाळ्यातही डोह आटत नाही तिथे सापडते. शेतकऱ्यांना तिची माती खत म्हणून माहीत असते. गढ्याही याच मातीच्या. म्हणून ‘इथे जुने गाव कुठे होते?’ असे विचारू नका, ‘पांढरी माती कुठून आणायचात?’ असे विचारा. उत्तर लगेच मिळते.

शिरूर तालुक्यातले इनामगाव हे याचे सर्वांत नामांकित उदाहरण. घोड नदीच्या काठची ती टेकाडे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उकरली. इसवी सनापूर्वी साधारण १६०० ते ७०० अशी नऊशे वर्षांची शेतकरी वस्ती निघाली : आधी चौकोनी घरे, जवाचे पीक, कालव्याने पाणी, धान्याचे कोठार, शेवटच्या टप्प्यात पाऊसमान घटले तशी लहान गोल झोपड्यांवर वेळ आली. मूल मेले तर दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यांत ठेवायचे आणि घराच्याच जमिनीखाली पुरायचे. पहिला टप्पा सोडला तर ही माणसे ज्या भांड्यांत जेवत होती त्यांना जोर्वे भांडी म्हणतात, संगमनेरजवळच्या जोर्वे गावावरून : तांबूस-केशरी अंगावर काळ्या रेघांची नक्षी, भांड्याला तोटी.

टेकाडावर चालताना खापरे निरखा. तशी नक्षी दिसली तर वस्ती तीन हजार वर्षांच्या घरातली असण्याची शक्यता आहे. आत काळी आणि बाहेर लाल, गुळगुळीत घोटलेली खापरे, खोबणीची जाड कौले, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे असतील तर सातवाहन काळाचा विचार करा. रंगीत काचेच्या बांगड्या आणि चकचकीत लुकण असलेली खापरे असतील तर बहमनी किंवा त्यानंतरचे. बहुतेक टेकाडांवर दोन-तीन काळ एकमेकांत मिसळलेले असतात, नांगर सगळे वरखाली करतो. खापर उचलायचे, पट्टीशेजारी ठेवून फोटो काढायचा आणि तिथेच ठेवायचे. पिशवीत भरून घरी आणलेल्या खापरांचा कुणालाही उपयोग नाही.

खणायचे तर अजिबात नाही. परवानगीशिवाय उत्खनन बेकायदा आहे आणि मेटल डिटेक्टरने पैशासाठी टेकाडे पोखरणाऱ्या टोळ्यांनी आधीच पुरेसा सत्यानाश केला आहे. नांगरताना किंवा विहीर खणताना नाणी, मूर्ती, ताम्रपट निघालाच तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. व्यवहारात तहसीलदारांकडे लेखी द्या आणि पोच घ्या. प्रवरेकाठच्या दायमाबादची ती प्रसिद्ध कांस्यशिल्पे, हत्ती, गेंडा, रेडा आणि रथ, १९७४ मध्ये झाडाचे मूळ खणताना गावकऱ्यांनाच मिळाली होती. ती वितळून भांडी झाली असती तर काय उरले असते?

एक गोष्ट विसरू नका : आजचे गावठाण जुने असेलच असे नाही. धरणांमुळे गावे हलली आहेत. उजनीच्या पाण्यात इंदापूर तालुक्यातले जुने पळसदेव गेले. पाणी उतरले की पळसनाथाचे देऊळ वर येते. अशा तालुक्यांत मे महिन्यात फिरा. आणि महसुली यादीत ‘बेचिराख’ असा शेरा असलेली गावे आवर्जून बघा : नाव आहे, शिव आहे, दिवा लावणारे घर नाही. १६३०-३२ च्या दुष्काळात असंख्य गावे ओस पडली, त्यांतली बरीच पुढे कौल (सवलतीचे अभयपत्र) देऊन पुन्हा वसली, काही वसलीच नाहीत. तुमच्या गावात ‘आमचे पूर्वज अमक्या गावाहून आले आणि हे गाव वसवले’ अशी कथा असेल तर ती मूळ वस्तीची नसून अशा पुनर्वसाहतीची असू शकते. दोन्ही खरे असते : पांढरी हजार वर्षांची, आजची घराणी साडेतीनशे वर्षांची.

७. कुणाला विचारायचे

चौकशी पाटलांच्या ओसरीवर सुरू होते, हरकत नाही, तिथेच संपवू नका. शिवेचे भांडण झाले की जुन्या काळी हद्द दाखवायला महार वतनदार पुढे असे. ती जागांची माहिती आजही त्या घरांतल्या वृद्धांकडे मिळते आणि ती गावकीच्या अधिकृत कथेपेक्षा वेगळी असू शकते. गुरवाला देवळातला कोणता दगड कधी हलवला ते ठाऊक असते. धनगर मंडळींना डोंगरातली ठाणी माहीत असतात. बायकांना विचारा, कुणाचा नैवेद्य कुठल्या दगडाला जातो. घराण्याचा वीर कुठला ते त्यातून कळते. नाव, गाव, तारीख आणि सांगितलेले शब्द जसेच्या तसे लिहा. मावशी-काका म्हणून गप्पा माराव्यात, लगेच मोबाइल रेकॉर्डिंगला लावला की माणूस भाषण करायला लागतो. विचारून, थोड्या वेळाने लावा.

वंशावळीसाठी दोन जागा : नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या, आणि कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडे हेळवी, म्हणजे गावोगाव फिरून वंशावळी सांगणारे.

८. आता कागद

आता तुमच्याकडे गावाच्या जुन्या नावाचे रूप, परगणा किंवा तर्फ (जुने महसुली विभाग), वतनदार घराण्यांची आडनावे आणि अंदाजे काळ आहे. यातले काहीच नसताना दफ्तरात गेलात तर लाखो कागदांच्या ढिगापुढे नुसते बसून राहाल. पुणे पुराभिलेखागारात ओळखपत्र, फोटो आणि कामाचा हेतू लिहिलेला अर्ज लागतो. संस्थेचे किंवा महाविद्यालयाचे पत्र असले तर बरे. आधी फोन करून वेळ आणि नियम विचारा, ते बदलतात. मागायचे ते महजर (गोतसभेचे निवाडे), इनामपत्रे, कौल, हद्दीच्या तंट्यांचे कागद. वतनाच्या भांडणात दोन्ही बाजू आपापला करीना, म्हणजे घराण्याची साद्यंत हकीकत, देतात. गावाचा इतिहास त्यात फुकट मिळतो, फक्त प्रत्येकाने आपल्या सोयीने सांगितलेला असतो. दोन्ही बाजूंचे कागद मिळाल्याशिवाय एकावर विसंबू नका.

मोडीचे वर्ग पुराभिलेख विभाग आणि काही इतिहास मंडळे घेतात. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ, धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ इथेही कागद आहेत. घरात मोडी दप्तर असेल तर लॅमिनेशन करू नका, सेलोटेप लावू नका. सुती कापडात बांधा आणि फोटो काढून ठेवा.

९. फलक लावायचा तर

उत्साही मंडळी इथे सगळ्यात घाई करतात. आधी बघा, जागा संरक्षित आहे का. केंद्राच्या यादीतले स्मारक असेल तर शंभर मीटरच्या आत बांधकाम नाही आणि त्यापुढच्या दोनशे मीटरमध्ये परवानगी लागते. राज्य संरक्षित असेल तर पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या विभागीय कार्यालयाला पत्र द्या. दोन्ही नसेल तर ग्रामसभेचा ठराव करून घ्या. जागा देवस्थानची असेल तर ट्रस्टचे संमतिपत्र. हे तीन कागद फाइलला हवेतच : ठराव, संमती, दगडाची मोजमापे आणि फोटो.

फलक दगडापासून चार हात लांब, स्वतंत्र खांबावर. दगडाला भोक पाडायचे नाही, सिमेंटने चौथऱ्यात चिणायचे नाही. फ्लेक्स दोन उन्हाळ्यांत पांढरा पडतो. स्टीलच्या पत्र्यावर कोरून घ्या. मजकूर आठ ओळींच्या वर नको. शिळेचा प्रकार, चौकटींत काय दिसते, लेख असेल तर वाचन कुणी केले, शक आणि इसवी सन. जिथे खात्री नाही तिथे ‘अंदाजे’ लिहा. देणगीदारांची नावे फलकाच्या मागच्या बाजूला. पुढच्या बाजूवर आमदार-जिल्हा परिषद सदस्यांची यादी आली की दगड कुणाचा ते कुणी वाचत नाही.

रस्ता रुंदीकरणात दगड हलवावाच लागला तर आधी जागेवरचे फोटो, जीपीएस आणि पंचांच्या सह्यांचा पंचनामा. मग हलवा, शक्यतो त्याच शिवारात, त्याच दिशेला तोंड करून. बूड मुरूम आणि दगडगोट्यांत पक्के करा.

सगळ्या नोंदींचे संच करून एक ग्रामपंचायतीला, एक शाळेला, एक डेक्कन कॉलेज किंवा जवळच्या इतिहास मंडळाला द्या. लेख न वाचता आलेला असेल तर फोटो भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या म्हैसूरच्या शिलालेख (एपिग्राफी) शाखेलाही पाठवता येतात. फोटोच्या फाइलला नाव देताना गाव, जागा, बाजू आणि तारीख या क्रमाने द्या. व्हॉट्सॲपवरून पाठवू नका, फोटो आकसतो आणि अक्षरे जातात. मूळ फाइल ईमेलने किंवा पेनड्राइव्हवर द्या.